धाकटीची सही

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

धाकटे,

आशीर्वाद आधी घे, बोलणी नंतर आहेत. नातू पावलं टाकायला लागला असेल. त्याला सारखं उचलू नकोस, तुझी कंबर आधीच कामातून गेलेली. म्हणजे उचलणारच तू. माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, मीही कुरकुरते, फिटंफाट.

अक्षर चौथीपर्यंतचंच आहे, चालवून घे. फोनवर तू 'बरं ना?' विचारतेस, मी 'हो' म्हणते, मागून सून हाक मारते आणि संपलं. म्हणून कागद.

इस्पितळाच्या धोबीखान्याने मला घरी बसवलं. ओल्या चादरींचा गठ्ठा उचलवत नाही म्हणाले, आणि ते खोटं नाही. ह्यांच्यामागे पेन्शन नाही, पोर नाही. राहिलं काय, तर घर, आणि त्याचंही छप्पर गळतंय. शेजारचा रंगारी म्हणाला, घर विका आणि एका खोलीत जा. म्हटलं, आधी तुझ्या तोंडाला रंग लाव.

मग त्यानेच सांगितलं, वय झालेल्यांना बँक घरावर पैसे देते. उलटं गहाण. आपण घरातच राहायचं, बँकेने दर महिन्याला पैसे द्यायचे, हप्ता नाही. आपण मेलो की घर विकून ते आपले वसूल करणार. मला हसू आलं. म्हटलं, चला, माझी वाट बघणारं कोणीतरी मिळालं, मरणाची का होईना.

बँकेतली एक मुलगी घर बघायला आली. भिंतींवर टकटक केलं, नळ सोडून पाहिले. मग विचारलं, "घरात आणखी कोण राहतं?"

मी म्हटलं, "धाकटी बहीण. मागच्या खोलीत."

निघून गेलं बघ तोंडातून. सुनेच्या बाळंतपणाला दोन महिने म्हणून गेलीस, त्याला वर्ष उलटलं, हे मला कळत नाही का? पण दूधवाल्याला तेच सांगते, रंगाऱ्याला तेच. जिभेला वळण लागलंय. ती म्हणाली, आत्ता कुठे आहेत? म्हटलं, बाजारात. तर ती बसूनच राहिली. चहा झाला, आणखी एकदा चहा झाला. तू काही बाजारातून आली नाहीस.

शेवटी म्हणाली, मावशी, मग त्यांचीही सही लागेल. तुमच्यामागे इथे राहायचा हक्क सांगणार नाही, घर सोडून जाईन, असं लिहून द्यावं लागेल. आणि कोणी राहतच नसेल तर? मी आपलं सहज विचारलं. ती म्हणाली, मग तुमची एकटीची सही पुरे.

म्हणजे 'कोणी नाही' एवढंच बोलायचं होतं. फटकळ म्हणून गल्लीभर नाव आहे माझं, आणि तेवढं बोलता आलं नाही. म्हटलं, बहिणीला विचारून सांगते.

तर विचारते. तुझा राग नाही. पोरंबाळं सोडून कोण येतं? मी संध्याकाळी रेडिओ लावून त्याच्याशी भांडते, पण तो उलट बोलत नाही.

तू सही केलीस की पैसे सुरू होतील, छप्पर होईल, माझं भागेल. पण सही करून इथे राहायला आलीस, तर माझ्यामागे तुला बाहेर काढतील, ते मी होऊ देणार नाही. राहणार असशील तर मला बँक नको. पुढच्या खोल्या भाड्याने देऊ, दोघी मागे राहू. एकटीने भाडेकरू ठेवायची मला भीती वाटते. हे कोणाला सांगू नकोस.

मुलगी शनिवारी परत येईल. त्याआधी ये. नुसती सही करायची असेल तर एका दिवसाची पिशवी आण, मी जेवू घालीन, एक शब्द बोलणार नाही. राहायचं असेल तर ट्रंक आण. बसथांब्यावर मी येईन. चष्मा मात्र घालून येणार नाही. तू जवळ येईपर्यंत तुझ्या हातात काय आहे ते मला दिसायला नको.

काही आणलंस तरी तुझीच,
ताई