मस्टरवरचं नाव

धामणगाव बढे,
११ फेब्रुवारी १९७३

प्रिय हिंमत,

'प्रिय' मी सवयीनं लिहिलं. चौथीच्या पोरींना पत्रलेखन शिकवताना मीच सांगते की नातं पाहून मायना घालावा, आणि धाकट्या भावाला दुसरा कोणता मायना घालतात ते मला ठाऊक नाही. माझ्या मनात जो होता तो कागदावर उतरवण्यासारखा नाही. तुझं दिवाळीतलं पत्र मिळालं होतं. सोबतचं वर्तमानपत्राचं कात्रणही मिळालं. प्रगती मैदानावरचा तो मोठा हॉल, सिमेंटच्या त्रिकोणांची जाळी, खाली मुंग्यांएवढी माणसं आणि कडेला तू पेनानं काढलेला बाण, 'हा भाग माझ्याकडे होता'. तीन महिने मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, ताई दुष्काळाच्या गडबडीत असेल. होतेच. अर्धा गाव मोताळ्याच्या रस्त्यावर खडी फोडतो आहे आणि शाळेत पोरींना सुकडी वाटल्याशिवाय पाटीवर एक अक्षर उमटत नाही. पण उत्तर न देण्याचं कारण ते नव्हतं.

गेल्या वर्षी संक्रांतीला तू दोन वर्षांनी घरी आलास. आम्हाला वाटलं, तिळगुळासाठी आलास. तू बॅग उघडलीस आणि तिच्यातून नकाशे निघाले. प्रदर्शनाला देशोदेशीचे लोक येणार, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मधे एकही खांब नसणार, लोखंड मिळत नाही म्हणून सगळा सांगाडा काँक्रीटचा, असं तू सांगत होतास आणि बा मान डोलवत होता. मग खरी गोष्ट निघाली. चहूबाजूंनी आठ-नऊ दांडे येऊन जिथं एका गाठीत मिळतात, तिथला लाकडी साचा काढताना तुझ्या माणसांकडून कोपरे फुटत होते. वरचे साहेब तुझ्यावर चिडले होते. बानं नकाशा उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "याच्यात आरे किती येतात?" तू हसलास. चाळीस वर्षं बैलगाडीच्या चाकांचे तुंबे, आरे जिथं येऊन बसतात ते मधले गड्डे, करणाऱ्या माणसाला दुसरं काय दिसणार, असं तुझ्या चेहऱ्यावर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बानं पांगाऱ्याच्या लाकडाची मुठीएवढी गाठ कोरली आणि तिच्याभोवती तुकड्यांचा साचा बसवला. एक तुकडा आधी सरकवला की बाकीचे एकामागोमाग मोकळे होत आणि आतल्या गाठीला ओरखडासुद्धा येत नसे. तू तो साचा चार वेळा उघडलास, चार वेळा बंद केलास आणि म्हणालास, "बा, तू चाल दिल्लीले." मी चुलीपाशी होते. कितीतरी वर्षांनी तुझ्या तोंडात आपली बोली आली म्हणून मला तेव्हा भरून आलं होतं. आता त्याची लाज वाटते. तुला काम होतं म्हणून ती आली होती.

बा आठ महिने तिकडं राहिला. भादव्यात परत आला तेव्हा पायजम्याला सिमेंट होतं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर बरी झालेली जखम होती. मी विचारलं तर म्हणाला, पटाशी लागली. त्याच्यासारखे सुतार तिथं शेकड्यानं होते, असंही तोच म्हणाला. एका प्रकारच्या गाठीचा साचा तेवढा त्याच्या हातचा. पण गावात त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या ओट्यावर बसून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून तो लोकांना गाठ कशी असते ते दाखवायचा आणि म्हणायचा, "माह्या पोरानं बांधला. म्या डोयानं पाह्यला." दिवाळीला प्रदर्शन उघडलं तेव्हा त्याला जायचं होतं. नवं धोतर धुऊन ठेवलं होतं. तू लिहिलंस, गर्दी फार आहे, पास मिळत नाहीत, पुढं कधीतरी पाहू. मी ते वाचून दाखवलं. त्यानं धोतर पेटीत ठेवलं आणि म्हणाला, "बरोबर हाय त्याचं."

मार्गशीर्षात पोस्टमन शाळेत आला. हातात एक कार्ड. म्हणाला, "बाई, उकंडा मिस्त्री म्हणून गावात कोनी हाय काय? म्या दोघा-तिघा सुतारायले इचारलं." कार्ड उघडंच असतं, मी वाचलं. तुझ्याच साइटवरच्या नकाशे काढणाऱ्या वामनरावांचं होतं, खामगावच्या. त्यांना मी ओळखत नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी प्रेमानंच लिहिलं होतं. "उकंडा मिस्त्री, रामराम. तुमची आठवण रोज निघते. हिंमतरावसाहेब मजेत आहेत. उन्हाळ्यात त्यांना टायफॉइड झाला तेव्हा तुम्ही तीन दिवस त्यांच्या दाराबाहेर बसून होतात, ते अजून सगळे बोलतात. आपल्या साहेबावर एवढी माया कोण करतं? त्यांचे वडील असते तर त्यांनीही यापेक्षा जास्त केलं नसतं." मी पोस्टमनला सांगितलं, कार्ड राहू दे, मी देते. मग चौथीच्या वर्गात जाऊन पोरींना पाढे लिहायला लावले आणि त्यांच्याकडं पाठ करून फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

संध्याकाळी बाला विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे, हेच त्याला पटत नव्हतं. गाडीनं बऱ्हाणपूर सोडलं आणि तू त्याला सांगितलंस म्हणे, की तिथं मला साहेब म्हणा, गावाकडचा मिस्त्री आणतो असं मी कळवलं आहे. बाप सुतार आहे हे कळलं तर हाताखालची माणसं ऐकणार नाहीत. मस्टरवर उकंडा लिहितो, शालिग्राम हे खरं नाव लिहिलं तर कोणाच्या लक्षात येईल, कारण तुझ्या कागदोपत्री बापाचं नाव तेच आहे. आठ महिने तो उकंडा या नावाला 'जी' म्हणत राहिला, हिंमत. तू क्वार्टरमध्ये झोपलास आणि तो पत्र्याच्या शेडमध्ये. आपल्या पोटच्या पोराला तो 'जी साहेब' म्हणाला आणि ते तू ऐकून घेतलंस. एकदा नाही, रोज.

मी त्याला विचारलं, तू आत काऊन नाही गेला रे, त्याले एवढा ताप असताना. तर म्हणाला, "डाक्टर होता आत. साहेबाच्या खोलीत मिस्त्री कसा जाईन? म्या भितीले टेकून बसलो. तो खोकलला का मले बरं वाटे." आणि मी रडायला लागले तर मलाच समजावू लागला. "तू काऊन रडून राह्यली बाई? त्याले तिथं मोठ्या लोकायत राहा लागते. मले उकंडा म्हनलं त काय झालं? साचा त म्याच केला ना." त्या रात्री मला तुझा जितका राग आला तितका उभ्या जन्मात कोणाचा आला नसेल. आणि त्याचाही आला. त्यानं तुला तिथंच एक थोबाडीत द्यायला हवी होती.

माझंही यात काही आहे, ते नाकारत नाही. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी नुकती ट्रेनिंगला लागले होते. बुलढाण्याहून शिकून आले ती शुद्ध बोलायचं वेड डोक्यात घेऊन. तू 'मले' म्हणालास की मी पट्टी मारायचे. 'मला' म्हण. 'काऊन' नाही, 'का'. बा रंधा मारता मारता हसायचा आणि म्हणायचा, "शिकव बाई, पोराले साहेब कर." मी तुझी जीभ वळवली हे खरं. पण जीभ वळवताना बाप सोडून दे असं मी तुला कधी शिकवलं नव्हतं. ते तू स्वतःच्या हुशारीनं शिकलास. तुझ्या हॉलच्या चित्राच्या कडेला तू बाण काढलास ना, त्या बाणाच्या टोकाशी ज्याचा हात होता त्याचं नाव लिहायला तुझ्या पेनात शाई उरली नव्हती.

हे सगळं तुला लिहायचं नाही असं मी डिसेंबरातच ठरवलं होतं. बानंच शपथ घातली होती, "त्याले काई लिवू नको, उगाच मनाले लावून घेईन." तू मनाला लावून घेशील असं त्याला अजूनही वाटतं. मी शपथ पाळली. तुझ्याशी बोलणं टाकलं आणि गप्प राहिले.

परवा वामनरावांचं पाकीट आलं, पुन्हा उकंडा मिस्त्रीच्या नावानं. पोस्टमननं आता न विचारता माझ्या हातात दिलं. आत तुझ्या लग्नाची पत्रिका होती. 'मिस्त्री, आपल्या साहेबांचं लग्न ठरलं. तुम्हाला आनंद होईल म्हणून पाठवतो', असं त्यांनी सोबत लिहिलं आहे. छापलेली हिंदी पत्रिका, सोनेरी अक्षरं, दिल्लीचं मोठं घराणं. आणि तुझ्या नावाखाली, 'सुपुत्र स्वर्गीय श्री शालिग्रामजी'. बा समोर बसला होता. म्हणाला, वाच. मी मुलीचं नाव वाचलं, तिच्या वडिलांचं वाचलं, चार मार्च ही तारीख वाचली, तुझं नाव वाचलं आणि बाचं वाचलं. त्याच्या आधीचा एक शब्द मी गिळला. आपलं नाव छापून आलं हे ऐकून त्यानं पत्रिका हातात घेतली आणि विचारलं, "कुठीसा हाय?" मी बोट ठेवलं. त्या जागेवरून तो कितीतरी वेळ अंगठा फिरवत होता, आणि त्याचा अंगठा दोन्ही शब्दांवरून जात होता. तू कळवलं नाहीस याचंही त्याला वाईट वाटलं नाही. "कामात असन तो. आपल्याले काय आवतन लागते?" काल त्यानं मलकापूरला जाऊन दोघांची तिकिटं काढली. आम्ही दोन मार्चला सकाळी दिल्लीत उतरतो. तो या वेळी उकंडा म्हणून येणार नाही आणि तुला साहेबही म्हणणार नाही, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तुझ्या हातात तीन आठवडे आहेत. तुझ्या सासरी जाऊन सांग की तुझा बाप जिवंत आहे, सुतार आहे आणि लग्नाला येतो आहे. कसं सांगायचं ते तू पाहा. ते लग्न मोडतील की ठेवतील, मला त्याचं काही नाही. तू सांगितलं नाहीस, तर मांडवाच्या दारात मला सांगावं लागेल आणि तेव्हा तो माझ्या शेजारी उभा असेल. तू त्याला मेलेला म्हटलंस, हे त्याला अजून माहीत नाही. ते त्याला कधीच कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझीच, तुला आवडो न आवडो,
अन्नपूर्णाताई