ग्रहावरची एक मिनिटाची शांतता

३ मार्च, मंगळवार

काल लिहिलं ते चूक. श्वास तिन्ही मालिकांत नाही, दोनच मालिकांत आहे. पहिलीत नाही — आज दोनदा ऐकली, कान दुखेपर्यंत. मावशीचा नियम : चूक खोडायची नाही, खाली खरं लिहायचं. दहा वर्षांची होईपर्यंत ती आणि बाबा हीच माझी शाळा. म्हणून कालचं पान तसंच ठेवते.

आता नीट. कादंबरी एकच, तिच्यावर आमच्या दूरचित्रवाणी केंद्राने तीनदा मालिका केली. केंद्राचा फितींचा संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना तुलनेचं टिपण हवंय. ‘तीन मालिका, तीन पानं. पाल्हाळ नको, तुझी सवय माहीत आहे मला.’

कथा : सहा माणसं निर्जीव ग्रहावर राहतात. शेवटी त्यांना वाटू लागतं, तळावर सातवं कोणीतरी आहे. सगळे एक मिनिट श्वास रोखून कान देतात. पुस्तकात पुढे एकच वाक्य — काही ऐकू आलं नाही.

पहिली मालिका चाळीस वर्षांपूर्वीची. प्लायवूडचे खडक, पण मिनिट पुरतं साठ सेकंदांचं. हिंमत! दुसरी बावीस वर्षांपूर्वीची, नायक ऊठसूट रडतो, मिनिट मात्र अख्खं. तिसरी दोन वर्षांपूर्वीची. खडक संगणकातले, मिनिट अठरा सेकंदांत गुंडाळलंय.

दुसरीत एकविसाव्या सेकंदाला कोणीतरी श्वास घेतं. तिसरीत नवव्या. बाईमाणसाचा श्वास.

दुसरीचं ध्वनिमुद्रण आईचं. तिचं शेवटचं काम. मग ती आम्हाला सोडून गेली. मी चार वर्षांची होते.

४ मार्च, बुधवार

तर्क केला होता : तिसरीने दुसरीची शांतता उसनी घेतली असणार. शूटिंग संपलं की सगळे बाहेर पडतात आणि रिकाम्या स्टुडिओचं एक मिनिट मुद्रित करतात, पुढे संवादांच्या खाली जोडायला. याला इथे ‘शांतता घेणं’ म्हणतात.

तिसरीच्या ध्वनिमुद्रकाला गाठलं. हसला. ‘ताई, ती जुनी फीत वाजवायचं यंत्रसुद्धा नाही आमच्याकडे. आम्ही आमची ताजी शांतता घेतली. दोन नंबर स्टुडिओत.’

‘मग श्वास कोणाचा?’

‘एसीचा असेल.’

शांतता घेताना एसी बंद ठेवतात. हे त्यालाही माहीत आहे. माझ्याकडे न बघता निघून गेला.

दुसरीही दोन नंबरातच झाली होती.

६ मार्च, शुक्रवार

आईबरोबर काम केलेले ध्वनिवाले काका. निवृत्त आहेत, मी त्यांच्या घरी गेले. आधी चहा, मग गुडघेदुखी, मग विषय.

‘शांतता घेताना सगळे बाहेर यायचे, तुझी आई आत थांबायची. म्हणायची, फीत एकटी सोडू नये. त्या दिवशी मिनिट झालं, मी दार उघडलं. फीत फिरत होती. ती नव्हती.’

‘मागचं दार असेल ना.’

‘होतं. म्हणून तर सगळे म्हणाले, मागच्या मागे गेली.’ कप खाली ठेवला. ‘त्या दाराला बाहेरून कुलूप असायचं, पोरी. किल्ली माझ्या खिशात.’

‘मग कोणाला सांगितलं नाहीत?’

‘सांगितलं की. तुझ्या वडिलांना.’

७ मार्च, शनिवार

बाबांना विचारायला धीर झाला नाही.

८ मार्च, रविवार

विचारलं. ते इस्त्री करत होते. थांबले नाहीत.

‘सोडून गेली म्हटलं की निदान राग धरता येतो. आत गेली ती आलीच नाही — याचं चार वर्षांच्या पोरीने काय करायचं?’

‘आणि सव्वीस वर्षांच्या?’

त्यांनी सदऱ्याची कॉलर उलटली. मग म्हणाले, ‘मावशी नकोच म्हणत होती खोटं सांगायला. मीच तिला शपथ घातली.’

बावीस वर्षं मी आईला मनात नावं ठेवली. एकदासुद्धा खाली खरं लिहिलं नाही.

९ मार्च, सोमवार

टिपण दिलं. तीन पानं. श्वासाबद्दल अक्षर नाही. बाई म्हणाल्या, ‘सुधारलीस.’

फलकावर सूचना लागली आहे : दोन नंबर शुक्रवारपासून पाडणार, तिथे कार्यालय होणार. मी तिकडे कधीच गेलेले नाही. मला नोकरीला लागून सहा महिने झाले. माझं काम तळघरातल्या फितींशी.

१० मार्च, मंगळवार

तिसरीची शांतता घरी आणली. अख्खं मिनिट, न कापलेलं. बाबांच्या कानांना हेडफोन लावले. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. पुन्हा ऐकलं. रडतील असं वाटलं होतं. रडले नाहीत.

‘तीच आहे,’ म्हणाले. मग हेडफोन काढून माझ्याकडे वळले. ‘पण तिच्यामागून दुसरा येतो तो तुझा. तुला नाही ओळखू यायचा. मी पाळण्यापासून ऐकतोय. तू कधी गेली होतीस आत?’

मुद्रण दोन वर्षांपूर्वीचं आहे.

‘अजून नाही,’ मी म्हटलं.

दोन नंबरात जायचं ठरवलं : गुरुवार, १२ मार्च. सकाळी अकरा वाजता.