शेवटचा दात

दि. ३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याचं कळलं. तिला पोटमाळ्यावर चढू देऊ नका. मी ठीक आहे. कार्यालयाच्या खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे बाहेर कुठला ऋतू आहे ते कळत नाही. बाकी तक्रार नाही.

एक कामाची गोष्ट. या महिन्यापासून नवा नियम लागू झाला आहे. जो दुकानदार गिऱ्हाइकाकडून बिटकॉइन घेतो, त्यानं आपल्या किल्लीची नक्कल आमच्या नोंदणी कार्यालयात जमा करायची. किल्ली म्हणजे ते बारा इंग्रजी शब्द, जे दुकानात ही सोय बसवताना मी तुमच्याकडून पाठ करून घेतले होते आणि जे तुम्ही पाढ्यासारखे म्हणत आंघोळीला जायचात. महिनाअखेरपर्यंत नक्कल आली नाही तर दुकानाचा परवाना रद्द होतो. आलेली नक्कल पूर्ण आहे का, हे तपासणारा प्रोग्राम मी लिहिला आहे. म्हणून खात्रीनं सांगते, पळवाट नाही.

फॉर्म सोबत जोडला आहे. भरताना आईला शेजारी बसवा, तिचं स्पेलिंग तुमच्यापेक्षा बरं आहे.

लोभ आहे तेवढा राहू द्या.

तुमची मुलगी


दि. १० मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आई विचारत होती, पोरीनं पत्र लिहिलंय की नोटीस पाठवलीय? मी म्हटलं, नोटिशीत गुडघ्याची चौकशी नसते, यावरून ओळखायचं.

आता माझं ऐक. दुकानाच्या भिंतीवर तुझ्या आजोबांनी रंगवलेलं वाक्य तू लहानपणी खडूनं गिरवायचीस. ‘नक्कल ठेवणारा कुलूपवाला म्हणजे सवडीनं चोरी करणारा.’ अर्ध्या शहराच्या किल्ल्या या हातांनी कापल्या, पण एकीचीही नक्कल घरी आली नाही. आणि आता माझ्याच किल्लीची नक्कल तुझ्या कपाटात ठेवू? आजोबा फोटोतून उतरून कान धरतील, तुझा नाही, माझा.

शिवाय एक विचारायचं आहे. मागच्या आठवड्यात शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. नव्यानंच इथे आल्यात. खोलीचं कुलूप बदलून हवं होतं, आजच्या आज. मी कारण विचारत नाही, पण भर उन्हात त्यांनी मनगटापर्यंत बाह्या घातल्या होत्या. नवरा दुसऱ्या शहरात, करखात्यात नोकरीला. बायको कुठे गेली हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक होऊ नये, एवढंच त्या म्हणाल्या. बँकेतलं खातं दोघांचं, म्हणून पैसे बिटकॉइननं दिले. अशा बाया माझ्याकडे अधूनमधून येतात. डॉक्टरच्याही आधी कुलूपवाल्याकडे येतात. मी माझे बारा शब्द दिले, तर या बाई कुणाला दिसतील का? खरं काय ते सांग.

पोळी-भाजी खातेस ना वेळेवर, की तेही प्रोग्रामला सांगितलं आहेस?

तुझा बाबा


दि. १६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

विचारलंत म्हणून नेमकं सांगते. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार कुणालाही बघता येतो. फक्त तो कुणाचा, हे त्यावर लिहिलेलं नसतं. तुमच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पैसे घ्यायचा नवा पत्ता तयार होतो, आणि बाहेरच्याला त्या पत्त्यांचं आपसात काही नातं दिसत नाही. बारा शब्द हाती आले की सगळे पत्ते एका दोऱ्यात ओवले जातात. मग बाईंचं बिटकॉइन खातं ओळखणाऱ्याला त्यांचे पैसे कुठल्या शहरातल्या कुठल्या कुलूपवाल्याला गेले, ते दिसेल. करखात्याला आमच्याकडून नोंद मागवता येते. कारण लिहावं लागतं, पण ‘चौकशी’ एवढा एक शब्द पुरतो.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो.

हे लिहून झाल्यावर मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी उठले, पाण्याची बाटली भरून आणली. तरी काही वाटलं नाही.

नक्कल मात्र जमा करा. नियम मी करत नाही. आणि दुकान गेलं तर तुम्ही सकाळी उठून कुठे जाणार, याचं उत्तर तुमच्याकडेही नाही.

आईला नमस्कार. लोभाबद्दल वेगळं लिहीत नाही.

तुमची मुलगी


दि. २४ मार्च

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद.

केली जमा. उगाच डोळे मोठे करू नकोस, आपल्या रीतीनं केली.

नवी किल्ली दुकानात पूर्ण कापायची नाही, हे मी तुला, तू चालायला लागायच्या आधी शिकवलं असेल. शेवटचा दात दारापाशी, घरच्या माणसासमोर, कानशीनं घासायचा. वाटेत कुणी किल्ली पळवली तरी त्याच्या हाती नुसती पितळेची पट्टी. तसे मी फॉर्ममध्ये अकरा शब्द भरले. बाराव्या रकान्यात लिहिलं, ‘शेवटचा दात दारापाशी’. ज्याला तो शब्द हवा असेल त्यानं दुकानात यावं, समोर बसावं, कुणासाठी आणि कशाला ते तोंडानं सांगावं. कारण पटलं तर देईन.

तुझी आई म्हणते, सरकारशी मस्करी बरी नव्हे. मी म्हटलं, मस्करी नाही, धंद्याची रीत आहे. ती म्हणाली, तुमच्या रीतीपायी लग्नातसुद्धा ताटकळले होते.

तुझा बाबा


दि. २ एप्रिल

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

हे बाबांना लिहिता येत नाही, म्हणून तुला लिहिते. त्यांच्यापासून काही लपवायचं झालं तर लहानपणापासून मला तूच सुचतेस.

बाबांनी बिटकॉइनच्या किल्लीची नक्कल आमच्या कार्यालयात भरली, पण बारापैकी एक शब्द मुद्दाम गाळला. तो फॉर्म माझ्याच प्रोग्रामनं अपूर्ण म्हणून बाजूला काढला आणि माझ्याच पडद्यावर आला. आमच्या विभागप्रमुख बाईंनी बारावा रकाना मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे हसले. आमचं आडनाव बऱ्याच जणांचं असतं, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही. मीही थोडी हसले असेन.

मग बाईंनी विचारलं, की अकरा शब्दांवरून बारावा काढता येतो का.

येतो. शब्दांची यादी ठरलेली आहे, दोन हजारांवर शब्दांची. पण शेवटचा शब्द आधीच्या अकरांशी गणितानं जुळावा लागतो, आणि जुळणारे फक्त एकशे अठ्ठावीस असतात. एकेक लावून बघायचा. ज्या शब्दानं दुकानाचे पैसे सापडतील तो खरा. माझा चहा गार व्हायच्या आत झालं असतं. बाबांना वाटतं त्यांनी दात राखला. खरं तर दार नुसतं लोटलेलं होतं.

मी म्हटलं, नाही, काढता येत नाही.

बाईंनी मान डोलावली. माझं उत्तर इथे कुणी पडताळून बघत नाही. अपूर्ण नक्कल पुसून टाकायची आणि परवाना रद्द करायचा, असा नियम आहे. दोन्ही मीच केलं. शब्द शोधला असता तर बाबांचं दुकान वाचलं असतं. पण त्यांच्याकडे कुलूप बदलून घेतलेल्या एक बाई आहेत, त्यांचा ठावठिकाणा त्यांच्या नवऱ्याला कळला असता. आणखीही असतील. मी शब्द शोधून पाहिलाही नाही. मला माहीत नाही, हे तरी खरं राहावं म्हणून.

नंतर डबा खाल्ला, भाजीत मीठ कमी होतं एवढं कळलं. तुझ्या भावाचं दुकान मी बंद केलं, हे वाक्य मी मनात म्हणून बघते. वाक्य बरोबर आहे. त्यापलीकडे काही होत नाही.

राखलेल्या दाताचा उपयोग नव्हता, हे बाबांना कधी सांगू नकोस. वाचून फाड.

तुझी भाची


दि. ९ एप्रिल

चि. भाचीस,
पोटभर आशीर्वाद.

फाडलं. त्याआधी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा लावून. मला बिटकॉइनमधलं ओ की ठो कळत नाही. पण खोटं बोलण्यातलं कळतं. तुझ्या बापाला ते जन्मात जमलं नाही. शाळा बुडवली की स्वतःच मास्तरांना जाऊन सांगायचा, आणि घरी निभावून न्यायचं काम माझ्याकडे. ते काम आता तुझ्याकडे आलं. चांगल्या हातात आलं.

तुझं पत्र वाचलं की तपासणीचा रिपोर्ट वाचल्यासारखं वाटतं. सगळं नॉर्मल, आणि पेशंट झोपलेला. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तेव्हा दुखत नाही बघ. उठल्यावर मुंग्या येतात. तेव्हा उठ कधीतरी.

तुझ्या बाबाला मी काही बोलणार नाही. माझं विसरणं घरात प्रसिद्ध आहे. कालच चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होते.

तुझी आत्या


दि. २० एप्रिल

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद.

परवाना गेला. दोन माणसं येऊन पाटी उतरवून घेऊन गेली. एकाच्या सायकलचं कुलूप अडकलं होतं, ते काढून दिलं. परवान्याशिवाय पैसे घेता येत नाहीत, म्हणून नुसतं थँक्यू घेतलं. बिटकॉइनमध्ये साठलेले पैसे आहेत तिथेच आहेत, पण नोंदणी नसलेले म्हणून कुठल्याच दुकानात चालत नाहीत. काचेच्या बंद कपाटातल्या भांड्यांसारखे. बघायचे.

सकाळी सवयीनं दुकानापर्यंत जातो आणि परत येतो. तुझी आई म्हणते, डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं.

गाण्याच्या बाई भेटून गेल्या. कुणी आलं नाही, कुणी विचारलं नाही म्हणाल्या. बाह्या आखूड होत्या. आता सांग, तुझ्या कार्यालयात एवढे शिकलेले लोक, एवढी यंत्रं, आणि माझा एक दात कुणाला घासता आला नाही! एक दात राखला म्हणून त्या बाई वाचल्या. तू जन्मात माझं काही कबूल केलं नाहीस, एवढं तरी कर.

हात शिवशिवतात म्हणून परवा आपल्या घराचंच कुलूप बदललं. तुझ्याजवळची किल्ली आता लागणार नाही, हे कळवायला खरं तर हे पत्र.

तुझा बाबा


दि. २७ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कबूल. त्या दातामुळेच वाचल्या. आमच्यापैकी कुणालाही तो घासता आला नाही.

बारावा शब्द मला सांगू नका. मी विचारला तरी सांगू नका.

घराची नवी किल्ली माझ्यासाठी कापून ठेवा. पूर्ण कापू नका. शेवटचा दात राहू द्या, मी दारापाशी येते आहे.

तुमची
फूटपट्टी