'रुवारा'चे मार्गदर्शक संपादक

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
खटक्‌... धप्प. खटक्‌... धप्प. त्या आवाजानेच जाग आली. मिरजेच्या छापखान्यातलं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन! त्याच्यावर आमच्या शाळेचं वार्षिक निघायचं, आणि मी, मराठीचा मास्तर आणि बावीस वर्षं त्या वार्षिकाचा संपादक, शाईच्या वासात उभा राहून पहिलं पान ओलं असतानाच हातात घ्यायचो. डोळे उघडले तर फ्लॅट बुश, ऑकलंड. मुलाचं, परेशचं घर. आवाज त्याच्या वॉशिंग मशीनचा. आत माझी एक जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल.
बायको, वसुधा, म्हणाली, सदऱ्याबरोबर काल तुम्हीच टाकलीत.
संकल्प: या वर्षी इथे मराठी हस्तलिखित काढायचंच. आपल्या माणसाला आपलं स्वतःचं मासिक हवंच हवं. परक्या मुलखात ज्याला स्वतःचं पान नाही, तो असून नसल्यासारखा. (वाक्य जमलं. संपादकीयात घेणे.)

५ फेब्रुवारी
चाळीस मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकलं. प्रतिसाद: अंगठे सहा. एकाने विचारलं, काका, रेसिपी चालेल का? एकीने विचारलं, पीडीएफ असेल ना, हेवी नको. साहित्य शून्य.
लोकांना जरा वेळ द्यायला हवा.

९ फेब्रुवारी
शेजारच्या रुतेंडोबाई. झिम्बाब्वेच्या, हॉस्पिटलात नर्स. आमची सून गार्गी फार्मसीत काम करते, तिच्याशी त्यांचं चांगलं जमतं. आज कळलं, बाई स्वतः मासिक काढतात! नाव 'रुवारा', म्हणजे त्यांच्या भाषेत रंग. इथल्या काळ्या लोकांसाठी. सोळा पानं, लायब्ररीच्या रॅकवर फुकट.
चाळून पाहिलं. पोरींचे कुरळे केस कसे विंचरावेत. काळ्या अंगावर पुरळ कसं ओळखावं, फोटोंसह. कुणा बसड्रायव्हरचा मृत्युलेख, चक्क पानभर. शाळेतली बक्षिसं. कविता एकही नाही.
मी विचारलं, जगात एवढी मासिकं असताना हे वेगळं कशाला? त्या म्हणाल्या, मिस्टर बाला (मला त्या असंच म्हणतात), आमच्या वॉर्डातल्या पत्रकांत पुरळ कायम गुलाबी कातडीवरच असतं. माझ्या लेकाला गोवर झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही. दिसत नव्हतं, कारण त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं.
गार्गी म्हणाली, खरंय बाबा, आमच्या दुकानात स्किन कलरची पट्टी मागून बघा, कुणाच्या स्किनचा कलर हातात येतो ते.
मी हसून सोडून दिलं. साहित्य आत्म्याचं असतं, कातडीचं नसतं. स्वतःपुरतं वेगळं मासिक काढणं ही संकुचित वृत्ती.
मराठी हस्तलिखिताचं काम उद्यापासून.

१६ फेब्रुवारी, रविवार
अल्बनीचे पाहुणे जेवायला. नातीची ओळख करून दिली. ही श्रिया, तेरा वर्षांची. रंगाने जरा डावी, पण नाकीडोळी नीटस हो! पाहुणे हसले. मी लाडाने तिला काळुंद्री म्हणतो, तेही सांगितलं. एरवी मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देते. आज तेही नाही, ताट घेऊन वर गेली. रविवारी वसुधा तिच्या तोंडाला डाळीचं पीठ आणि साय लावते, तेही लावून घेतलं नाही.
वय असतं एकेक.

२ मार्च
रुतेंडोबाईंना मदत करायचं ठरवलं. कुंपणावरून सांगितलं, मी बावीस वर्षं संपादक होतो. त्या म्हणाल्या, बरं झालं, मला स्वल्पविराम कुठे घालायचे ते कधीच कळत नाही, तेवढं बघाल का?
म्हणजे मार्गदर्शक संपादक. पद त्यांनी उच्चारलं नाही, पण अर्थ तोच.
पहिल्या पानासाठी माझी 'प्रभात' दिली. मिरजेला मुलं तालात म्हणायची:
आली गोरी उषा, पळाली काळी निशा,
धुऊन निघाल्या आता दाही दिशा!
इंग्रजी भाषांतरही मीच केलं. गोरीपान पहाट काळ्या राक्षसी रात्रीला गावाबाहेर पिटाळते, असा भाव. बाईंनी वाचलं आणि कुंपण धरून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. म्हणाल्या, अहो, काळीला माझ्याच मासिकातून हाकलताय? मग ती जाणार कुठे?
त्यांना रूपक कळत नाही.
वसुधा म्हणाली, त्यांना बरोब्बर कळलं. तुम्हालाच पन्नास वर्षं कळलेलं नाही.

२१ मार्च
बाईंना सलग ड्यूटी. माझ्याकडे पेन ड्राइव्ह आणि वाचकांच्या पत्रांची फाइल देऊन गेल्या. म्हणाल्या, तिसऱ्या पानावर दोन पत्रं घाला, कुठली ते तुम्ही ठरवा. निनावी असली तरी चालतील, घाबरून लिहिणारीच जास्त असतात. मंगळवारी छपाईला द्या. विश्वास म्हणतात तो हा.
अकरा पत्रं. लाल पेन काढलं.
एक निनावी, टाइप केलेलं, कुणा मुलीचं. म्हणते, मी आफ्रिकन नाही, तरी लिहिते आहे. माझे आजोबा पाहुण्यांना सांगतात की हिचा रंग वाईट पण चेहरा बरा आहे. त्यांना वाटतं ते कौतुक करतायत. तुमचं मासिक मला लायब्ररीत सापडलं. त्यात माझ्या रंगाची मुलगी हसत होती, आणि खाली कुठेही 'पण' लिहिलेलं नव्हतं. मी तो अंक गणिताच्या पुस्तकात ठेवते.
काय घरं असतात एकेक! त्या आजोबाला कुणीतरी चार शब्द सुनवायला हवेत.
पण पत्र बाद. एक तर निनावी, आणि निनावी छापायचं नाही हा मिरजेचा नियम. दुसरं, मुलगी आफ्रिकन नाही, मग या मासिकात तिचं काय काम? उरलेली दहाही रडगाणी. सगळी बाद.
तिसरं पान मोकळं झालं. संपादकाला विचार मांडायला तेवढीच जागा.

२४ मार्च
संपादकीय झालं. 'अनेक फुलांची एकच बाग'. मुद्दा असा की वेगवेगळ्या वाफ्यांचे दिवस गेले, आता सगळ्यांचं मिळून एकच मासिक हवं. इंग्रजी जरा भारदस्त उतरलंय.
मला कॉम्प्युटरवर पान बदलता येत नाही. श्रियाला बसवलं. भराभर टाइप करते पोरगी. मधेच थांबून विचारलं, आजोबा, व्हेअर डिड द लेटर्स गो? मी म्हणालो, काढून टाकली, रडगाणी होती नुसती. तिने विचारलं, ऑल ऑफ देम? मी म्हणालो, सगळी. त्यातलं एक तर फारच रडवं होतं.
 म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या पोरांचं 'ठीक आहे'. आणि उरलेलं टाइप करून दिलं. एक चूक नाही.
गुणी आहे. संस्कार.
रुतेंडोबाईंना आधी दाखवायचं मनात होतं, पण त्या झोपलेल्या. नर्सची झोप मोडू नये. शिवाय वार्षिकाचा मजकूर मी हेडमास्तरांनाही कधी दाखवला नव्हता. संपादकाचा अधिकार असतो.

८ एप्रिल
अंक निघाला. रुतेंडोबाई ड्यूटीवरून तशाच दारात आल्या. तिसरं पान उघडं धरलेलं. माझं अभिनंदन करतील म्हणून मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, मिस्टर बाला, हे मासिक नको असं माझ्याच मासिकात लिहिलंत. पत्रं कुठायत?
मी म्हणालो, साहित्यिक निकषावर उतरली नाहीत.
त्यांनी फाइल परत मागितली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काही बोलता आलं असतं.
लायब्ररीच्या ट्रेसीबाईंचा मात्र ईमेल: किया ओरा (म्हणजे इथला नमस्कार), तुमचा लेख फार भावला, आमच्या नव्या योजनेशी अगदी जुळतो, मीटिंगला याल का? अखेर कुणीतरी वाचलं.

२९ एप्रिल
मीटिंग. योजना अशी: छोटी छोटी मासिकं रॅकवरून काढायची, सगळ्यांचं मिळून एक ई-पत्रक करायचं. लायब्ररी आता छापूनही देणार नाही. ट्रेसीबाईंनी माझ्या लेखातल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. टाळ्या. मी उठून नमस्कार केला.
ट्रेसीबाई म्हणाल्या, 'रुवारा'च्याच पानावर हे छापून आलंय, म्हणजे त्या समाजाचंही हेच मत आहे.
रुतेंडोबाईंनी एकच प्रश्न विचारला. बागेचा माळी कोण? कुठलं फूल ठेवायचं आणि कुठलं तण म्हणून उपटायचं, ते कोण ठरवणार?
 मला वाटतं, त्यांचा रोख माझ्या नावाकडे होता. रागातही योग्यता ओळखली.
परतताना त्यांच्याच गाडीतून यायचं ठरलं होतं. त्या विसरून गेल्या. बसने आलो.

१० मे
संपादकपदाचं पत्र नाही. सरकारी कामं सावकाश होतात.
मराठी हस्तलिखितासाठी एक लेख आला. बटाटेवड्याची कृती.

३० मे
ई-पत्रक आलं. संपादक कुणीच नाही, 'टीम' आहे. मराठी समाजाला ऐंशी शब्द. त्यातले साठ दिवाळी म्हणजे दिव्यांचा सण यावर. मे महिन्यात! सोबत समोशाचा फोटो. मी पाठवलेली 'प्रभात' जागेअभावी वगळली.
आफ्रिकी लोकांना पन्नास शब्द आणि एका ढोलाचं चित्र. अख्खा खंड तेवढ्यात.
संताप. या लोकांना आपण कळतच नाही. आपलं वेगळंच हवं, आपल्या हातातलं! हे मी पहिल्यापासून सांगतोय. वसुधाला तसं म्हणालो. ती म्हणाली, जा, शेजारी जाऊन सांगा.
गेलो नाही. त्यांच्या गॅरेजचं दार मला पाहिलं की खाली येतं. बहुधा रिमोट बिघडलाय.

६ जून
श्रिया दोन महिने माझ्याशी बोलत नाही. मला वाटलं परीक्षा. आज गार्गी कामाचे कपडे इस्त्री करता करता म्हणाली, बाबा, ते पत्र श्रियाचं होतं.
मी विचारलं, कुठलं पत्र?
ती म्हणाली, तुम्हाला माहितीये कुठलं.
मी म्हणालो, मग नाव का नाही घातलं? नाव असतं तर पहिल्या पानावर छापलं असतं!
वसुधा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, छापलं असतंत हो. रंग डावा पण अक्षर बरं, असं खाली लिहून.
गार्गी म्हणाली, तिनेच ते पान टाइप केलं ना? मग जास्त काय सांगू.
आता मुलं फार हळवी झाली आहेत. आमच्या वर्गात मी काळ्या, टकल्या, लंगड्या, सगळ्यांना अशीच हाक मारायचो. कुणी वाईट वाटून घेत नव्हतं. कुणीच नाही.
निदान कुणी तसं लिहून पाठवलं नाही.

८ जून, रविवार
डाळीच्या पिठाचा डबा वसुधाने वरच्या फळीवर ठेवला. मला म्हणाली, चूक माझीही आहे. पण मी ती छापून वाटली नाही.
संकल्प: श्रियाचं पत्र आपल्या हस्तलिखितात घ्यायचं, स्वहस्ते सुवाच्य अक्षरात. जिन्यात गाठून तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, नो थँक्स. इट वॉझन्ट रिटन टू यू.

१५ जून, दुपारी ३.२०
पाऊस. बेल वाजली. आपल्याकडे या वेळी कुणी येत नाही.
दारात एक वृद्ध गृहस्थ. माझ्याच वयाचे, उंच, काळेभोर. सूट, टाय, हातात काठी, खांदे भिजलेले. नाव मिस्टर गेब्रे. मूळचे इथिओपियाचे, राहतात अल्बनीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. तीन बस बदलून आले. छातीशी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एका बाईंचा फोटो. त्यांची पत्नी. एप्रिलमध्ये गेल्या. 'रुवारा'त त्यांच्यावर पानभर मजकूर येणार असं फोनवर ठरलं होतं, नंतर अंकच निघाला नाही. नव्या पत्रकवाल्यांना विचारलं तर तीस शब्द देतो म्हणाले, फोटो नाही. म्हणाले, सेहेचाळीस वर्षांचा संसार, त्यातले कुठले तीस?
शेवटच्या अंकावर पत्रव्यवहाराचा पत्ता या घराचा आहे. तो मीच श्रियाकडून घालून घेतला होता. संपादकाचा पत्ता असला की अंकाला वजन येतं.
त्यांनी हॅट काढली, फोटो दोन्ही हातांनी पुढे केला आणि विचारलं, संपादक आपणच का?
इतक्या आदराने मला हे कुणी कधीच विचारलं नव्हतं. मिरजेतसुद्धा नाही.
मी म्हणालो, बसा, चष्मा घेऊन येतो. आत आलोय आणि हे लिहितोय.
वसुधाने चहाचं आधण ठेवलंय. बाहेरून श्रियाचा आवाज येतोय. सांगते आहे, ही इज नॉट द एडिटर. ही जस्ट लिव्ज हिअर. या, आय विल टेक यू, द एडिटर इज नेक्स्ट डोअर. 'या' तेवढं मराठीत म्हणाली.
दार उघडलं. छत्री उघडली. काठीचा आवाज कुंपणापर्यंत गेला.
वसुधा विचारते आहे, चष्मा सापडला का.
डोळ्यांवरच आहे.