डाव्या बाजूच्या ब्रॅकेटची पाचर

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंद्याने फिटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत गेले, तेव्हा त्याच थांबा म्हणाल्या. राग येणे म्हणजे भ्रमिष्ट होणे नव्हे, असेही मी त्यांच्याकडून लिहून घेतले आहे.

कलम १. राहते घर माझ्या भाच्याला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलाला द्यावे. त्याची लायकी नाही. पण या घराच्या विटा दादाने डोक्यावरून वाहिल्या, तेव्हा माझा इलाज चालत नाही.

कलम २. व्हाइस, ड्रिल आणि सगळ्या कानशी समोर वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या बाईंना द्याव्यात. त्या नेलेली वस्तू पुसून परत करतात. भाच्याने यातल्या कशालाही हात लावू नये. त्याने एकदा माझ्या बारीक कानशीने रंगाचा डबा उघडला होता.

कलम ३. आता होडीचे. भाचा ज्या होडी क्लबचा सचिव म्हणून मिरवतो, त्या क्लबची लढाईतली जुनी होडी माझ्या शेडमध्ये फुकट उभी असते. ती दोन्ही टोकांना निमुळती आहे. मागे सपाट फळी नसल्याने मोटर डाव्या कडेला, लोखंडी ब्रॅकेटवर टांगावी लागते. एका कडेने ढकलले की होडी दुसरीकडे वळणारच, हे हातगाडीवाल्यालाही कळते. दुसऱ्या महायुद्धात मी कारखान्यात हीच ब्रॅकेट बनवत होते आणि दादा लष्करात होडी चालवत होता. मी ब्रॅकेट आणि होडी यांच्यामध्ये लाकडाची पाचर घालून मोटरीचे तोंड किंचित आत वळवले. दादाने नदीवर फेरी मारून पाहिली.

"हात सोडला तरी सरळ जाते गं, छकुले," तो म्हणाला.

कारखान्याच्या तपासनीस साहेबांनी ती पाचर पाहिली. "ही नकाशात कुठे आहे?"

"नाही साहेब. पण तिच्याशिवाय होडी वळते."

"होडी सांभाळायला माणूस ठेवलाय ना? काढा ती."

मी काढली. पुढची चाळीस ब्रॅकेट बिनपाचरीची गेली. त्यातले एक दादाच्या होडीला लागले. भर नदीत एक शिपाई पाण्यात पडला. दादाने मोटरीचा दांडा सोडून त्याला दोन्ही हातांनी वर ओढले. तेवढ्यात होडी गर्रकन वळून पुलाच्या खांबावर आपटली. चार माणसे बुडाली.

चौकशीत नावाड्याची चूक ठरली. दादाने पुढची एकतीस वर्षे कापडाच्या गोदामावर पहारा करण्यात काढली. साहेबांना बढती मिळाली, आणि निवृत्त झाल्यावर हा क्लब त्यांनीच काढला. चोर सोडून संन्याशाला सुळी! होडीवर पितळी फलक लावला आहे: 'नावाड्याच्या चुकीने चार जवान गमावलेली होडी.' भाचा दर रविवारी तो फलक घासून चकचकीत करतो. स्वतःच्या बापाची बदनामी घासताना त्याचा हात दुखत नाही. मी बोलले, तर म्हणतो, "आत्या, हा इतिहास आहे. कागद आहेत त्याचे." ठीक आहे. म्हणून मीही कागदच करते आहे.

कलम ४. चौकशीला मलाही बोलावले होते. "ब्रॅकेट नकाशाबरहुकूम होते का?" मी "हो" म्हणाले. पाचरीबद्दल कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मला नोकरी प्यारी होती. दादा बाहेर बाकावर बसला होता.

"काय विचारलं गं?"

"विशेष काही नाही."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही घरी आलो. पुन्हा त्याने कधी विचारले नाही. साहेबांना मी पन्नास वर्षे शिव्या दिल्या, आणि त्यातली एकही मी मागे घेत नाही. पण त्यांच्या लेखी तो कोणी एक नावाडी होता. माझा तो पाठचा नव्हे, पाठीशी उभा राहणारा भाऊ होता.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत तो फलक उतरवून खालील मजकुराचा नवा फलक लावल्यास शेड क्लबला द्यावी. न लावल्यास होडी रस्त्यावर काढावी. किल्ली वेल्डरबाईंकडे आहे, आणि त्यांना मुळीच दया येणार नाही. मजकूर भाच्याने होडीपाशी उभे राहून, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. एक शब्द गाळू नये:

'या होडीचे ब्रॅकेट मी बनवले. पाचर मी काढली. विचारले तेव्हा मी गप्प बसले. नावाड्याने फक्त बुडणाऱ्याला हात दिला. त्याची धाकटी बहीण.'

वरील सर्व मी पुन्हा वाचून पाहिले आहे. खाडाखोड नाही.

ठिकाण: शेडच्या वरची खोली
दिनांक: ९ मार्च १९९६

(सही) लिहून ठेवणार, फिटरबाई

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली:
(सही) डॉक्टरीणबाई
(सही) वेल्डरबाई