पोत्याच्या पडद्याआड

विद्यार्थी वसतिगृह, महाड
दि. २० जून १९८२

प्रिय चंदूस,

जानूचा सप्रेम जयभीम. मी बरा आहे. तू कसा आहेस हे विचारायला तोंड नाही, तरी विचारतो.

सावित्री नदीला पाणी चढलंय. आपल्या खोलीत नवी पोरं आली. आल्या आल्या त्यांनी तुझा अभ्यासाचा कोपरा मोडला. दोन ट्रंकांवर आंब्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून केलेलं टेबल, डालड्याचा डबा कापून कंदिलामागे लावलेला पत्रा, दोरीवरचा पोत्याचा पडदा, सगळं बाहेर. फळ्या आपल्या स्वयंपाकवाल्या बनुबाईने चुलीत घातल्या. मी नुसता बघत उभा राहिलो.

त्या फळ्या बाजारातून डोक्यावरून मी आणल्या होत्या. आणि जागा झाली एकाचीच! "आळीपाळीनं बसू रे," म्हणालास. कसली आळीपाळी! पडदा खाली असला की हाक मारायची नाही, हा नियमही तुझाच. चार महिने मी पायरीवर बसून वाचलं. राग होता चंदू, फार राग होता.

परवा पोलादपूरच्या स्टँडवर तुझी आई भेटली. मी दहावी पास झालो म्हणून तिला केवढा आनंद! ओटीतली जांभळं माझ्या हातात ओतली. म्हणाली, "आमच्या चंद्याला झोपंनं खाल्लान. गणिताच्या दिवशी मेला झोपून ऱ्हायला, त्याला कोण काय करणार? तू तरी शीक, बाबा." तू कारखान्यात पिंपं धुतोस, ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म नको म्हणतोस, पुस्तकं जाळलीस, तेही तिनेच सांगितलं. जांभळं मी स्टँडवरच्या पोरांना वाटून टाकली.

आता लिहितोच. त्या सकाळी शेवटी मी निघालो. शेवटच्याने कुलूप लावून किल्ली न्यायची, ही आपली रीत. पडदा खाली होता, मला वाटलं चंदू पुढे गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. ते खोटं आहे. पडद्याखाली तुझे पाय दिसत होते. तू घोरत होतास. मनात म्हटलं, नियम त्याचाच ना? मग नाही मारत हाक.

वाटेत वाटत होतं, उठेल, ओरडेल, बनुबाई कुलूप फोडेल. ती बाजाराला गेलेली, मला काय ठाऊक! पेपर हातात आला तेव्हा तुझा बाक रिकामा दिसला. किल्ली माझ्या खिशात होती. आणि मी गणितं सोडवायला लागलो.

दुपारी मीच कुलूप काढलं. दार बडवून तुझ्या मुठी सोलल्या होत्या. "झोपलो रे, माझीच चूक," म्हणालास. मी हो म्हणून मान हलवली.

खरं सांगायला रेक्टरसरांकडे दोनदा गेलो. दोनदा कॉलेजच्या अर्जावर सही घेऊन परत आलो. असला भेकड मी. ऑक्टोबरला बस म्हणून कोणत्या हक्काने सांगू?

एवढं कर. हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. ती अजून तुलाच शिव्या देते.

तू आत आहेस हे बघून कुलूप लावणारा,
जानू