साहेबांचं 'बघू या'

ताईस धाकटीचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, आधी तेवढं आईला वाचून दाखव. तिचा खोकला थांबला का? पुढचं तू एकटीनं वाच.

लढाई शहरात शिरलीय. परवा स्वयंपाकघराच्या काचा फुटल्या, तिथं मी पुठ्ठे लावलेत. साहेबांची कचेरी बंद झाली. उद्या आपल्या माणसांना न्यायला शेवटचं विमान येतंय.

माझी जागा आहे का, असं विचारलं तर साहेब म्हणाले, "बघू या, मावशी." अगं, अकरा वर्षं त्यांच्या पाहुण्यांना चहा देतेय मी. राजदूत माणूस, कुणाला नाही म्हणून म्हणायचा नाही. 'बघू या' ऐकून पाहुणे खुशीत जिना उतरतात, आणि हे आत येऊन बाईसाहेबांना सांगतात, "जमणार नाही."

मी म्हटलं, "मी काय पाहुणी आहे? काय ते तोंडावर सांगा."

बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "नाही. यादीत फक्त सरकारी माणसं आहेत."

हे पत्र बाईसाहेबांबरोबर पाठवतेय. आईला सांग, घर सांभाळायला मी माझ्या मर्जीनं मागं राहिलेय. आणि सांगताना रडू नकोस, तिला लगेच कळतं.

तुझी,
धाकटी